फाईल गेली, पण पोच कुठे आहे? एसएफटीपी, एएस२ आणि निवडीचा प्रश्न

पीएचडीला येण्याआधी मी दोन वर्षं एका पुरवठादार कंपनीत कामाला होते. काम साधं होतं. मोठ्या गिऱ्हाइकांकडून येणाऱ्या ऑर्डरच्या फाइली आमच्या सिस्टिममध्ये नीट उतरतात की नाही, ते बघायचं. एका गिऱ्हाइकाची फाईल रोज रात्री आमच्या एसएफटीपी सर्व्हरवर यायची. आमची स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी फोल्डर बघायची, फाईल दिसली की वाचून पुढे द्यायची आणि मूळ फाईल पुसून टाकायची.

एका रात्री नेट हळू होतं. फाईल अजून चढत होती आणि तेवढ्यात स्क्रिप्टची वेळ झाली. तिने तोवर आलेला भाग वाचला, पुढे दिला आणि फाईल पुसली. लिनक्समध्ये उघडी असलेली फाईल पुसली तर फक्त तिचं नाव जातं, लिहिणारा प्रोग्रॅम शेवटपर्यंत लिहीत राहतो. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या लॉगमध्ये 'अपलोड यशस्वी', पुऱ्या बाइट्ससकट. आमच्याकडे अर्धीच ऑर्डर. माल कमी गेला, दंड लागला. आम्ही म्हणालो, एवढंच आलं. ते म्हणाले, आम्ही सगळं पाठवलं. दोघंही खरं बोलत होते आणि दोघांकडेही पुरावा नव्हता. दंड अर्थात आम्ही भरला. मोठ्या गिऱ्हाइकाशी भांडण कोण घेणार?

ही गोष्ट इथे सांगायचं कारण असं, की त्या रात्री कुठलंही एन्क्रिप्शन तुटलं नव्हतं. कोणी पासवर्ड चोरला नव्हता. 'सुरक्षित' म्हणून निवडलेला प्रोटोकॉल आपलं काम चोख करत होता. तरीही आमचं नुकसान झालं.

आधी प्रश्न नीट विचारूया

या विषयात संशोधन करू म्हणणारे बरेच जण सिनॉप्सिसची सुरुवात अशी करतात: 'कंपन्यांमधल्या डेटा देवाणघेवाणीसाठी सर्वांत सुरक्षित प्रोटोकॉल कोणता?' मग एक तक्ता येतो, त्यात बरोबर-चूक अशा खुणा, आणि ज्याला जास्त खुणा तो जिंकला. तुमचा गाइड हा मसुदा परत करेल, आणि ते बरोबरच आहे. 'सुरक्षित' हा शब्द एकटा वापरता येत नाही. कशापासून सुरक्षित, आणि कोणासाठी, हे सांगावं लागतं.

दोन कंपन्या फाइली पाठवतात तेव्हा निदान चार वेगळे प्रश्न असतात.

१. वाटेत कोणी वाचू शकेल का?
२. पलीकडे जो आहे तो खरंच तोच आहे का?
३. जेवढं आणि जसं पाठवलं, तेवढं आणि तसंच पोचलं का?
४. उद्या वाद झाला, तर तिसऱ्या माणसासमोर ठेवता येईल असा पुरावा आहे का?

पहिले तीन प्रश्न बाहेरच्या शत्रूबद्दल किंवा अपघाताबद्दल आहेत. चौथा मात्र समोरच्या भागीदाराबद्दल आहे, म्हणजे ज्याच्याशी आपण धंदा करतो त्याच्याबद्दल. तक्ते बनवताना नेमका हाच प्रश्न निसटतो, कारण कोणी कोणाला चोर म्हणत नसतं. पण वाद व्हायला कोणी चोर असावं लागत नाही, हे आपण वर पाहिलंच.

एफटीपीपासून एसएफटीपीपर्यंत

आता प्रोटोकॉलकडे या चार प्रश्नांतून बघू.

एफटीपीचा पहिला मसुदा आरएफसी ११४ या नावाने एप्रिल १९७१ मध्ये आला. तो लिहिणारे अभय भूषण हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, तेव्हा एमआयटीत होते. आज ज्याला आपण एफटीपी म्हणतो त्याचं वर्णन १९८५ च्या आरएफसी ९५९ मध्ये आहे. त्यात पासवर्ड आणि फाईल दोन्ही उघड्यावर जातात. त्या काळच्या जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि प्रयोगशाळा होत्या, म्हणून ते चाललं. आज कंपन्यांच्या कामासाठी तो वापरायचा नाही, एवढं पुरे.

एफटीपीएस म्हणजे त्याच एफटीपीवर टीएलएसचं पांघरूण. ते आरएफसी ४२१७ मध्ये, २००५ साली आलं. पहिला प्रश्न सुटतो, आणि प्रमाणपत्रं नीट तपासली तर दुसराही. पण एफटीपीला दोन वाटा लागतात, एक आदेशांसाठी आणि एक डेटासाठी. डेटाची वाट कुठल्या पोर्टवर उघडणार, हे आदेशांच्या वाटेवर ठरतं. ती वाट एन्क्रिप्ट झाली की मधल्या फायरवॉलला काही दिसत नाही. मग पोर्टची अख्खी रांग उघडी ठेवावी लागते. नेटवर्कवाले एफटीपीएसचं नाव काढताच कपाळाला आठ्या घालतात, ते यामुळे.

एसएफटीपी नावाने एफटीपीचा भाऊ वाटतो, पण त्याचं घराणं वेगळं. तो एसएसएचवर चालतो. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात जाळ्यावरून पासवर्ड चोरले गेले, त्यानंतर टाटू उलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिला. एकच पोर्ट, २२. सगळं एन्क्रिप्टेड. पासवर्डऐवजी की-जोडी वापरता येते. म्हणून तो सगळीकडे पसरला.

इथे तुमच्यासाठी एक महत्त्वाचा धडा आहे. एसएसएच २००६ मध्ये आरएफसी ४२५१ ते ४२५४ म्हणून प्रमाणित झाला. एसएफटीपी मात्र कधीच आरएफसी झाला नाही. त्याचे मसुदे निघत गेले, सहाव्या आवृत्तीपर्यंत पोचले आणि तिथेच काम थांबलं. जगभर सर्वाधिक वापरला जाणारा ओपनएसएसएच आजही जुन्या मसुद्यातली आवृत्ती ३ वापरतो, स्वतःच्या काही भरींसह. म्हणजे आपल्या विषयातलं सर्वांत लोकप्रिय 'स्टँडर्ड' कागदावर स्टँडर्डच नाही! प्रबंधात 'एसएफटीपी स्टँडर्ड' असं लिहिण्याआधी मूळ कागद उघडून बघायची सवय लावून घ्या. परीक्षक हे विचारतात.

एसएफटीपी पहिल्या प्रश्नाला पक्कं उत्तर देतो. दुसऱ्याला देतो, पण एका अटीवर: पहिल्यांदा जोडताना सर्व्हरच्या कीचा ठसा फोनवर किंवा कागदावर ताडून घ्यायला हवा. प्रत्यक्षात घाईत ही तपासणीच बंद ठेवलेली आढळते. तिसऱ्या प्रश्नाला तो अर्धं उत्तर देतो. वाटेत एकही बाइट बदलणार नाही, याची हमी एसएसएच देतो. पण 'ही फाईल आता पूर्ण झाली, उचला' असं सांगण्याची सोय प्रोटोकॉलमध्ये नाही. त्यासाठी आधी तात्पुरत्या नावाने फाईल चढवायची आणि पूर्ण झाल्यावर खरं नाव द्यायचं, अशी शिस्त दोघांनी मिळून ठरवावी लागते. आमच्याकडे ती ठरलेली नव्हती.

आणि चौथा प्रश्न? तिथे एसएफटीपीकडे काहीच नाही.

दुकानाची वही आणि गिऱ्हाइकाची सही

'पण लॉग आहे ना!' असं तुम्ही म्हणाल. लॉग ही दुकानदाराची स्वतःची वही आहे. त्यात त्याने स्वतःच्या हाताने 'माल दिला' असं लिहिलंय. ती खोटी असेलच असं नाही, पण भांडणात तिची किंमत मर्यादित, कारण लिहिणारा आणि फायदा होणारा एकच. पोचपावतीवर समोरच्याची सही असते. म्हणूनच रजिस्टर पत्राची गुलाबी-पिवळी पोच लोक वर्षानुवर्षं फाइलीत जपून ठेवायचे.

कंपन्यांच्या जगात हे पोच देणारं माणूस पूर्वी मध्येच बसलेलं असायचं. १९८० आणि ९० च्या दशकांत ऑर्डर आणि बिलांचे ईडीआय संदेश 'व्हॅन' म्हणजे मूल्यवर्धित जाळ्यांतून जात. ती टपालखात्यासारखी होती. दोघांच्या मधली तिसरी कंपनी, जी संदेश घ्यायची, पोचवायची, नोंद ठेवायची आणि त्याचे पैसे घ्यायची. इंटरनेट स्वस्त झाल्यावर हे पैसे डोळ्यांत खुपू लागले. २००२ मध्ये वॉलमार्टने पुरवठादारांना एएस२ वापरून थेट इंटरनेटवरून जोडायला सांगितलं आणि एएस२ ला खरी चाल मिळाली. त्याचं प्रमाण म्हणजे आरएफसी ४१३० मात्र जुलै २००५ मध्ये आलं. वापर आधी, कागद नंतर. हेही या क्षेत्रात नेहमीचंच.

मधला माणूस गेला, तर पोच कोण देणार? एएस२ चं उत्तर असं, की घेणाऱ्याने स्वतः सही करून द्यावी.

पोचेत नेमकं काय असतं

एएस२ मध्ये फाईल आधी पाठवणाऱ्याच्या खासगी कीने सही होते, मग घेणाऱ्याच्या सार्वजनिक कीने एन्क्रिप्ट होते आणि एचटीटीपीवरून जाते. पाठवणारा मजकुराचा हॅश काढून स्वतःकडे ठेवतो. घेणारा फाईल उलगडतो, सही तपासतो, मिळालेल्या मजकुराचा हॅश काढतो, तो पोचेत घालतो आणि त्या पोचेवर स्वतःच्या खासगी कीने सही करून परत पाठवतो. या पोचेला एमडीएन म्हणतात. पाठवणारा दोन्ही हॅश जुळवून बघतो.

आता आमची रात्र पुन्हा आठवा. अर्धी फाईल मिळाली असती तर सहीच जुळली नसती आणि पोच नकाराची गेली असती. पूर्ण मिळाली असती तर आमच्याच सहीचा हॅश गिऱ्हाइकाकडे राहिला असता, आणि आमची स्क्रिप्ट चुकली हे आम्हाला नाकारता आलं नसतं. नीट बघा, पोच आम्हाला वाचवण्यासाठी नसते. ती वाद मिटवण्यासाठी असते. लहान पुरवठादाराला तिचा फायदा इतकाच, की निकाल ताकदीवर न लागता कागदावर लागतो. माझ्या मते हा फायदा लहान नाही.

आपल्याकडच्या कायद्यातही याला जागा आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चं कलम १२ पोचेबद्दलच आहे. पोच कुठल्या रूपात हवी हे सांगितलेलं नसेल, तर यंत्राने आपोआप दिलेली पोच चालते. घेणाऱ्याच्या वागण्यावरून संदेश मिळाल्याचं कळत असेल तर तेही चालतं. पण पाठवणाऱ्याने 'पोच मिळाली तरच हा दस्तऐवज बंधनकारक' असं सांगून ठेवलं असेल आणि पोच आली नाही, तर तो दस्तऐवज पाठवलाच नव्हता असं धरलं जातं. म्हणजे प्रोटोकॉलची निवड आणि भागीदारांमधला करार हे एकाच टेबलावर ठरवायचे विषय आहेत. सहीसाठी स्वतःच बनवलेलं प्रमाणपत्र आणि परवानाधारक प्राधिकरणाने दिलेलं प्रमाणपत्र कायद्याच्या नजरेत एकसारखं नाही, हेही त्याच टेबलावर बोलायचं.

पोच कशाची पोच नसते

एएस२ च्या प्रेमात पडण्याआधी तीन गोष्टी बघा.

एक, एमडीएन म्हणजे 'पाकीट मिळालं आणि फोडता आलं' एवढंच. आतली ऑर्डर मान्य आहे असं नाही. त्यासाठी ईडीआयमध्ये वेगळे संदेश असतात. अमेरिकी एक्स१२ मध्ये ९९७ हा संदेश सांगतो की मजकुराची रचना बरोबर आहे, आणि ८५५ सांगतो की ऑर्डर स्वीकारली की नाही. या पोचांच्या पायऱ्या एकमेकींत मिसळू नका.

दोन, पोच वाटेत हरवू शकते. पाठवणाऱ्याला पोच आली नाही, तर फाईल पोचली नाही की पोच हरवली, हे त्याला कळायला मार्ग नाही. तो पुन्हा पाठवणार. घेणाऱ्याने मेसेज आयडी बघून दुबार फाईल ओळखली नाही, तर ऑर्डर दुप्पट. २०१३ मध्ये ओएसिसने मंजूर केलेल्या एएस४ मध्ये पुन्हा पाठवणं आणि दुबार ओळखणं यांची सोय प्रोटोकॉलमध्येच लिहिली आहे.

तीन, प्रमाणपत्रांची मुदत संपते. कोणाचं प्रमाणपत्र कधी संपतंय याची यादी ठेवणारं माणूस नसेल, तर एक दिवस सगळ्या फाइली एकदम नाकारल्या जातात. शिवाय जुनी पोच पाच वर्षांनी तपासायची तर तेव्हाचं प्रमाणपत्रही जपलेलं लागतं.

रस्ता आणि गोदाम

आतापर्यंत आपण रस्त्याबद्दल बोललो. मे २०२३ च्या शेवटी मूव्हइट ट्रान्स्फर या फाईल पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून क्लॉप या खंडणीखोर टोळीने दोन हजारांहून अधिक संस्थांचा डेटा पळवला. त्रुटी होती एसक्यूएल इंजेक्शन, सॉफ्टवेअरच्या वेब भागात. एन्क्रिप्शन किंवा प्रोटोकॉल कुठेच तुटला नाही. फाइली सर्व्हरवर पडून होत्या, तिथून उचलल्या. डिसेंबर २०२४ मध्ये क्लिओ कंपनीच्या उत्पादनांबाबत असंच घडलं, आणि ती उत्पादनं एएस२ साठीही वापरली जातात.

म्हणून पाचवा प्रश्न जोडा: वाट संपल्यावर फाईल किती वेळ, कुठे आणि कोणत्या रूपात पडून राहते? सर्व्हरवर पोचल्यावरही फाईल पीजीपीसारख्या पद्धतीने एन्क्रिप्टेडच राहिली, किल्ली आतल्या दुसऱ्या मशीनवर असली आणि काम झाल्यावर फाईल पुसली गेली, तर गोदाम फुटूनही चोराच्या हाती फारसं लागत नाही.

मग निवडायचं कसं

निर्णय पुष्कळदा आधीच झालेला असतो, हे प्रथम मान्य करा. युरोपातल्या मोटार कंपन्यांना माल द्यायचा असेल तर ओएफटीपी२ ची मागणी येऊ शकते. चाकणमध्ये बसून ती बदलता येत नाही. पेपोल जाळ्यावर बिलं पाठवायची तर १ फेब्रुवारी २०२० पासून तिथे एएस४ सक्तीचा आहे. निवड खरंच तुमच्या हाती असेल, तर मी या क्रमाने जाईन.

फाईल पोचली की नाही, यावर पैशाचा वाद होऊ शकतो का? होत नसेल, तर एसएफटीपी पुरतो. उदाहरणार्थ, बँकेला पगाराची फाईल जाते आणि बँक प्रत्येक ओळीचा निकाल परत पाठवते. तिथे पोचेचं काम ती उलटी फाईल करते. सोबत कीचा ठसा ताडणं, तात्पुरतं नाव, आणि फाईल स्वतंत्र एन्क्रिप्ट करणं, एवढी शिस्त हवी.

वाद होऊ शकतो, पण भागीदार एक-दोनच आहेत? मग एसएफटीपीवरच सही केलेली पोचफाईल परत पाठवायची पद्धत घालता येते. पण लक्षात घ्या, तुम्ही तुमचा खासगी प्रोटोकॉल जन्माला घातलाय. चाळीस भागीदारांबरोबर त्याची चाळीस रूपं होतील.

भागीदार अनेक आणि वाद महाग? एएस२ किंवा एएस४. दोघांत फरक करणारा एक व्यावहारिक मुद्दा: एएस२ मध्ये घेणाऱ्याचा सर्व्हर कायम चालू आणि बाहेरून दिसणारा हवा. एएस४ मध्ये लहान कंपनी स्वतः जाऊन आपले संदेश ओढून आणू शकते. दिवसा दोन तास वीज जाणाऱ्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याला हा फरक पुस्तकी नाही.

तुमचा संशोधनाचा प्रश्न इथे दडलाय

वरच्या सगळ्यात एक भोक मी मुद्दाम शेवटपर्यंत ठेवलं. एएस२ मध्ये घेणारा आधी फाईल उघडतो आणि नंतर पोचेवर सही करतो. त्याने फाईल वाचली आणि पोच दिलीच नाही, तर? प्रोटोकॉल त्याला भाग पाडू शकत नाही. पुरावा समोरच्याच्या मर्जीवर उभा आहे. याला न्याय्य देवाणघेवाणीचा प्रश्न म्हणतात. त्यावर झोऊ आणि गोलमन यांचा १९९६ चा शोधनिबंध सुरुवातीला वाचावा असा आहे. त्यांच्या उत्तरात एक विश्वासू तिसरा लागतो. आता मागे वळून बघा: व्हॅन हा तोच तिसरा होता, आणि खर्च वाचवताना आपण त्याला काढून टाकलं.

इथून चांगले, हाताला लागणारे प्रश्न निघतात. पेपोलसारख्या जाळ्यात दोन्ही बाजूंना सेवा देणाऱ्या मधल्या संस्था असतात. त्या या तिसऱ्याची जागा किती घेतात? २०१८ च्या ईफेल हल्ल्याने ई-मेलमधल्या एस-माइमच्या एन्क्रिप्शनची कमजोरी दाखवली. एएस२ एस-माइमच वापरतो, पण सही आत आणि एन्क्रिप्शन बाहेर असं. मग तो हल्ला इथे किती लागू पडतो? एसएसएचवर तर डिसेंबर २०२३ मध्ये बोखुमच्या रूर विद्यापीठातल्या संशोधकांनी टेरापिन हा हल्ला दाखवला, म्हणजे जुनं झालेलं सगळं तपासून संपलंय असं समजू नका.

सुरुवात करायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. ओपनएसएसएच आणि ओपनएएस२ दोन्ही मोफत आहेत, एएस४ साठी होलोडेक बी२बी आहे. एका लॅपटॉपवर दोन आभासी मशीन उभी करा. मग नेट मध्येच तोडा, पोच गिळून टाका, प्रमाणपत्राची मुदत संपवा, फाईल अर्ध्यावर उचला. प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवा आणि स्वतःला एकच विचारा: मी या दोघांपैकी कोणाचाच नसतो, तर मला खरं काय घडलं ते कळलं असतं का?

ज्या ठिकाणी उत्तर 'नाही' येईल, ती जागा लिहून ठेवा. तुमचा सिनॉप्सिस तिथून सुरू होतो.